दार लावा, थंडी जाती

आमच्या सासरच्या घराला तीन दारं होती आणि त्यातलं एकही धड लागत नव्हतं. पुढचं पावसाळ्यात फुगायचं ते उन्हाळ्यातही फुगलेलंच राहायचं, मधल्याची वरची बिजागरी निखळलेली, आणि मागच्याला तर कोंबड्यासुद्धा जुमानत नसत. अशा या घरात एक माणूस दिवसभर दारं लावत फिरायचा. कुणी आत आलं की ते उठायचे, खांदा लावून दार रेटायचे, मग एक हलका गुडघा खालच्या फळीला द्यायचे, कडी घालायचे आणि म्हणायचे, "दार लावत जावा गं. थंडी जाती."

तासगावकडचं एप्रिलचं ऊन. अंगणातल्या फरशीवर पापड नुसते टाकले तर भाजून निघावेत असं. त्यात कुठली थंडी आणि ती जाणार कुठे? लग्न होऊन आले त्या आठवड्यात मला वाटलं, त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. कराडला माहेरी पत्रात तसं मी लिहिलंही. वडिलांचं उलटटपाली उत्तर आलं, "मोठ्या माणसांविषयी असं लिहू नये. दार लावत जा."

तर हे तात्या. माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे मामंजींचे धाकटे भाऊ. गावात त्यांना 'बोटीवरचे तात्या' म्हणत. आमच्या घरात लग्नकार्याला सगळी जमली की जुन्या गमती निघतात. माझ्या पहिल्या भाकरीची निघते, जी कुत्र्याने हुंगून सोडून दिली होती. मी द्राक्षाच्या बागेत चिखलात उताणी पडले त्याची तर दरवेळी निघते, आणि सांगणारा दरवेळी मला थोडी जास्त जाड करून पाडतो. पण त्या चिखलाच्या पुढचं कुणी सांगत नाही. जो माणूस अर्धं आयुष्य समुद्रावर काढून कधी बुडाला नाही, तो आमच्या घराच्या पाण्यात बुडाला, हे कोण सांगणार? मी आता सासू झालेय. मला कुणाची भीती उरलेली नाही. मीच सांगते.

आमच्याकडच्या घरात एक मुलगा शेताला आणि एक फौजेला, अशी वाटणी ठरलेलीच असायची. तात्या फौजेच्या वाटणीचे. पण भरतीत छाती कमी भरली म्हणून त्यांना परत पाठवलं, आणि गावात तोंड कसं दाखवायचं म्हणून ते साताऱ्याहून घरी यायच्याऐवजी मुंबईला गेले. तिथे गोदीत हमाली, आणि गोदीतून बोटीवर. बोट पण कसली, तर पोटात नुसती थंडी भरलेली. गोठवलेलं मटण, लोणी, सफरचंदं या देशातून उचलायची नि त्या देशात उतरवायची. त्या गार खोल्यांच्या यंत्रावर तात्या होते. स्वतःला ते थंडीचा मिस्त्री म्हणवत. "इंजन बंद पडलं तर बोट थांबती," ते सांगायचे, "आन् थंडी तुटली तर बोट कुजती. थांबल्याली बोट पुन्ना चालती. कुजल्याली न्हाई."

लग्न त्यांनी केलंच नाही. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कितीदा विषय काढला तरी उत्तर ठरलेलं. "वैनी, मी घरी येणार वर्साकाठी कवातरी. तवर बायको मला वळखायची न्हाई, मग चोर म्हणून बडवंल."

त्यांची एक खूण होती. कुठलीही वस्तू ते तळहाताने तपासत नसत. हात उलटा करून बोटांची मागची बाजू लावायचे. ताटातली भाजी, रांजणाचं पाणी, वासराचं नाक, तापलेलं पोर, सगळ्याला उलटा हात. "तळव्याला कामाची सवय असती, त्याला काय बी कळत न्हाई," म्हणायचे. हात लावून झाला की क्षणभर डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचे. "टिकंल." किंवा, "न्हाई टिकायचं." तिसरा निकाल त्यांच्याकडे नव्हता.

मी नवी नवरी म्हणून पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला उलटा हात लावला. सगळं घर बघतंय. तात्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "टिकंल."

आत्याबाई म्हणाल्या, "आवं भावजी, ती काय लोण्याचा डबा हाय व्हय?"

"त्याच्यापरीस नाजूक माल हाय वैनी. दार लावत जावा."

एकदा शिराळ्याला नागपंचमीला गेलो असताना एकाने फणा काढलेला नाग समोर धरला. आमचे हे दोन पावलं मागे आणि मी यांच्या मागे. तात्यांनी शांतपणे नागाच्या पाठीवर बोटांची उलटी बाजू टेकवली. "गार हाय. ह्यो आपल्या खात्यातला," म्हणाले. "ह्याला दार लावायला नको."

असा माणूस बोट सोडून गावात कशाला राहिला, याचं कारण द्राक्षं. दुष्काळ सरला, विहिरी पुन्हा भरल्या, आणि आमच्या भागात जो तो द्राक्षाच्या मागे लागला. मामंजींनीही मळ्यात बाग लावली. तात्या रजेवर आले होते तेव्हा पहिला माल निघत होता. टोपल्यांत भरलेली द्राक्षं उघड्या ट्रकमधून मुंबईच्या बाजारात जायची आणि खंबाटकीचा घाट चढून उतरेपर्यंत निम्म्यांचं सरबत व्हायचं. तात्यांनी ट्रकमधल्या टोपलीत उलटा हात घातला आणि मामंजींना म्हणाले, "आण्णा, ही द्राक्षं न्हाईत. ही तापानं फणफणल्याली पोरं हाईत."

मग ते रजा संपल्यावर परत गेलेच नाहीत. त्यांनी ठरवलं, आपली द्राक्षं बोटीतून आखातात न्यायची. तिकडच्या एका बंदरात फळांचे एक मोठे व्यापारी होते. तात्यांची त्यांच्याशी बोटीवरच्या नोकरीतली जुनी ओळख. त्यांना तात्यांनी शब्द दिला की माझ्या गावचा माल मी माझ्या हाताने घेऊन येईन आणि वेलीवर आहे तसा तुमच्या पुढ्यात ठेवीन.

गावात बैठक झाली. बागायतदार येऊन बसले. शंका एकेक अशा निघाल्या की तात्यांनी कपाळाला स्वतःचाच हात लावला.

"तात्या, समुद्राचं वारं खारं आसतं म्हणं. द्राक्षं खारट हुतील की."

"लोणी न्हेतो तवा खारट हुतं व्हय?"

"लोणी आमी न्हेलं न्हाई बाबा कवा."

एक म्हातारे बराच वेळ विचार करून म्हणाले, "समुद्र वलांडला की बाटतो म्हणत्यात. परत घरात घ्यायचं का न्हाई?"

"परत कशाला येत्यात? तिकडं खात्यात ती," तात्या म्हणाले.

"हां, मग हुईल," म्हातारे म्हणाले.

लोकांना पटवायला तात्यांनी मळ्यातल्या आपल्या खोपीची थंड खोली केली. दुहेरी कूड, मधे लाकडाचा भुस्सा, वर ओल्या गोणपाटांचे पडदे, आणि सांगलीच्या बर्फाच्या कारखान्यातून आणलेल्या लाद्या. लाद्या आणायचे मिरजेचे हुसेनभाई. त्यांचा स्वतःचा ट्रक होता आणि तात्यांवर त्यांचा जीव होता. आतमध्ये तात्यांनी चार घड टांगले आणि दाराशी स्वतः बसले. रणरणत्या उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून बसलेला हा माणूस बघायला पोरंटोरं यायची. हुसेनभाई त्यांना म्हणायचे, "तात्या, लोक तुमाला येडा म्हणायला लागल्यात." तात्या म्हणायचे, "म्हणू दे की. दार लाव आदी."

बागा रिकाम्या झाल्या, वेलींवर नुसती पानं उरली. अक्षय तृतीयेला तात्यांनी एक घड काढून मामंजींपुढे ताटात ठेवला. टवटवीत. मण्यावरची पांढरी भुकटीसुद्धा पुसलेली नाही. मामंजींनी एक मणी तोंडात टाकला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मामंजी बराच वेळ चघळत राहिले आणि म्हणाले, "ताजं हाय. पर जरा भ्याल्यालं वाटतंय."

घर हसलं. तात्या सगळ्यात जास्त हसले. मामंजींनी त्यांचं काहीही केलं तरी ते हसायचेच. वडील लवकर गेले आणि तात्यांना मामंजींनी वाढवलेलं. मामंजी बाजेवर बसले असले तर तात्या जमिनीवर बसायचे. जगातली बंदरं बघितलेला माणूस, पण थोरल्या भावासमोर विडीसुद्धा ओढत नसे. "आण्णानं मला खांद्यावर घेऊन जत्रा दावल्या," हे त्यांचं नेहमीचं. "मी खाली बसतो ते त्या खांद्याचं भाडं."

पुढच्या हंगामात पहिली बोट गेली. तात्यांचे नियम गावाला तोंडपाठ झाले. तोडणीच्या आधी आठवडाभर बागेचं पाणी बंद. तोडणी उन्हं यायच्या आधी. घड देठाने उचलायचा, मण्याला बोट लागता कामा नये. यातला पाण्याचा नियम सगळ्यांना जड जायचा. आमच्या भागात तोडणीच्या आदल्या दिवशी बागेला पाणी सोडायची रीतच होती. रात्रीतून मणी फुगतो, वजनाला भरतो. मुंबईच्या बाजारातल्यांनाही ते ठाऊक, त्यामुळे त्यात कुणी कुणाला फसवतंय असं कुणाला वाटत नसे. तात्या मात्र पाटाच्या तोंडाशी बाज टाकून निजायचे. "पाणी प्यालेला मणी बोटीत फुटतो," ते सांगायचे. "येक फुटला की त्याचा रस शेजारच्यावर. मग समदी पेटी जाती, पेटीखालची पेटी जाती. आख्खी खोली जाती."

पेट्या भरायला घरातल्या बायका. मला काही येत नाही हे तोवर सिद्ध झालं होतं. घड तोडायला दिले तर मी मणी गाळायचे, उचलायला दिले तर धडपडायचे. पण माझ्या वडिलांचं कराडच्या पेठेत किराण्याचं दुकान. पुडी बांधण्यात माझा हात कुणी धरू शकत नसे. वडिलांची एक खास घडी होती, कागदाचं टोक दुमडून त्याच्याच पोटात खोचायचं, की दोरा नको आणि खळ नको. पेटीत घडांवर जो कागद यायचा तो मी तसा घातला. तात्यांनी पेटी उलटीपालटी केली, हलवून बघितली. कागद जागचा हलला नाही.

"ही घडी कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा सासरी मी काहीतरी 'माझी' म्हणाले.

"आपल्या घरच्या पेट्यांस्नी हीच घडी. वळखू येतील." मग आत्याबाईंकडे वळून, "वैनी, हिला भाकऱ्या करायला लावू नगा. हिचा हात कागदाचा हाय."

हे मी आजही भाकरी बिघडली की सांगते.

ती पहिली बोट जिंकून आली. तिकडच्या व्यापाऱ्यांनी पेटी उघडून तात्यांच्या पाठीवर थाप मारली म्हणे, आणि पुढच्या वर्षी याच्या कितीतरी पट माल द्या म्हणाले. तात्या परत आले ते मामंजींना एक थर्मास घेऊन. आत्याबाईंनी त्यात तडक कढत चहा भरला. तात्यांचा चेहरा बघवत नव्हता. "गार ठिवायला आणलाय वैनी," ते एवढंच पुटपुटले.

दुसऱ्या वर्षी गाव लोटलं. ज्यांनी खाऱ्या वाऱ्याची भीती घातली होती ते पहिल्या रांगेत. माल एवढा, की बोटीची खोली आधीच थंड करून तयार ठेवायला तात्यांना मुंबईत आठवडाभर आधी जावं लागणार होतं. तिथून ते मालाबरोबर बोटीवर जाणार. निघताना ते मामंजींच्या पायाशी बसले.

"आण्णा, येवढं पाण्याचं तुमी बघा. बाकीचं पोरी करतील."

"जा रं तू," मामंजी म्हणाले. "मला शिकवू नगंस."

पाटाच्या तोंडाशी त्यांची बाज तशीच होती. त्या वर्षी तिच्यावर निजायला मामंजी.

आता माझी गंमत. तोडणीच्या दिवशी पहाटे आम्ही बायका बागेत गेलो. मी पुढे, हातात रिकामं घमेलं, जरा तोऱ्यातच, कारण घडीवाली मी. वेलीखालून वाकून पलीकडे पाय टाकला आणि तो घोट्यापर्यंत आत गेला. चप्पल तिथेच राहिली, मी पुढे गेले, आणि मग उताणी. लुगडं, केस, घमेलं, सगळं चिखल. बायका हसून हसून वेलींना धरून उभ्या. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "हसताय काय भवान्यांनो, उचला तिला," म्हणाल्या. मला वाटलं, सुनेची माया. मी विहिरीवर अंग धुतलं, पेट्या भरल्या, कागद घातले. मणी कसे टपोरे, पाणीदार दिसत होते. मी मनात म्हटलं, तात्या बघून खूश होतील.

तात्या परत आले ते हुसेनभाईंच्या ट्रकमधून, सांजेला. सोबत काही आणलं नव्हतं. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्याला उलटा हात लावला नाही, नुसताच धरला.

"सूनबाई, औंदा बी कागद तूच घातलास न्हवं? आपल्या समद्या पेट्यांस्नी?"

"व्हय की तात्या. येक बी पेटी दुसरीला करू दिली न्हाई." मी हौसेने सांगितलं. सासरची बोली मला एव्हाना यायला लागली होती.

त्यांनी तांब्या तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "लय चांगली घडी. तिकडं पोचंपर्यंत जरा बी सुटली न्हवती."

आणि उठून मळ्यातल्या खोपीकडे गेले. मला ती शाबासकी वाटली. मी आत जाऊन सांगितलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी गाव आमच्या सोप्यात जमलं. तेव्हा कळलं. तिकडे बंदरात बोटीची खोली उघडली तर आतून ताडीच्या दुकानासारखा वास. पेट्या ओल्या, कागद काळे पडलेले, घडांवर करडी बुरशी. रस वरून खाली झिरपत गेलेला. व्यापाऱ्यांनी मालाला हात लावला नाही, तात्यांशी बोललेही नाहीत. सगळा माल तिथेच टाकून द्यावा लागला. गावाचा वर्षभराचा घाम होता तो.

आम्ही बायका मधल्या दारामागे. बैठक सुरू व्हायच्या आधी तात्या सवयीने उठले आणि ते दार लोटलं. वरची बिजागरी नसलेलं दार, परत फटभर उघडलं. म्हणून आम्हाला सगळं दिसलं.

"यंत्र बंद पडलं आसंल," एक जण म्हणाला.

"यंत्र चालू व्हतं," तात्या म्हणाले.

"मग तुमी झोपला आसाल."

"न्हाई झोपलो."

"मग चांगला माल परभारे इकला आन् आमाला बुरशी दावताय, आसं तर न्हाई?" हे बोलणारा मागच्या वर्षी तात्यांना हार घालणारा होता.

तात्या उभे राहिले. म्हणाले, "मला येकच इचारायचं हाय. तोडायच्या आदल्या दिशी कुणाच्या बागंत पाणी सोडलं व्हतं?"

तात्या सगळ्यांवरून नजर फिरवत होते, पण मला फटीतून दिसत होतं, की बाजेवर बसलेल्या मामंजींच्या आधी ती नजर दरवेळी थांबायची आणि परत मागे फिरायची. थोरल्या भावाला ते संधी देत होते. घरातला माणूस घरातल्या माणसाला देतो तशी.

मामंजींनी पानाचा डबा बंद केला. "पाणी कुणीच सोडलं न्हाई," म्हणाले. "मी सोता व्हतो पाटावर. भाऊ हाय माजा, पर खरं त्ये खरं. थंडी तुटली आसंल."

थंडी तुटली. तात्यांचाच शब्द. माझ्या शेजारी उभ्या आत्याबाईंनी पदर तोंडात धरला. आणि माझ्या पायाला, काय सांगू, चिखल लागल्यासारखं झालं. घोट्यापर्यंत. आठवडाभर पाणी न मिळालेल्या बागेत चिखल कुठून आला होता, हे मला त्या क्षणी कळलं. मी सगळ्या घराला हसवत ज्याच्यात पडले होते, ते मामंजींनी आदल्या दिवशी सोडलेलं पाणी होतं.

सोप्यात सगळे तात्यांकडे बघत होते. तात्या मामंजींकडे. मग तात्यांनी मान खाली घातली.

"माल माज्या हातनं गेला," म्हणाले. "जाब माजा."

बैठक उठल्यावर मी कुणाला न विचारता मळ्यात गेले. तात्या खोपीच्या दाराशी, रिकाम्या थंड खोलीकडे पाठ करून बसले होते.

"तात्या, मी चिखलात पडले होते. तोडणीच्या दिवशी. आपल्या बागेत."

"लागलं का?"

"तात्या, आपल्याच बागेत पाणी होतं."

"ठावं हाय पोरी. बोटीत आपल्याच पेट्या वर व्हत्या. फुटल्याली पयली पेटी काढली तवा वर तुजी घडी. दुसरी काढली, तुजी घडी. बाकीच्या गावाचा माल चांगला व्हता गं. आपल्या रसानं ग्येला."

"मग सांगा की सगळ्यांना. मी येते सांगायला. आत्याबाईंनाही ठाऊक आहे."

"वैनीला कशाला मधी वडतीस? तिला त्याच घरात राहायचंय. तुला बी." त्यांनी पायाशी पडलेलं गोणपाट उचलून बाजूला ठेवलं. "आण्णानं वजनासाठी क्येलं. पिढ्यान् पिढ्या करत्यात तसं. त्याचा मला राग न्हाई बग. त्यो फकस्त म्हणाला असता, 'सोडलं गड्या पाणी, चुकलं,' तर मी समद्या गावाच्या पाया पडलो असतो त्याच्यासाठी." त्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. "पर त्यो म्हणाला थंडी तुटली. माज्या थंडीवर घातलं त्यानं."

मला वाटलं होतं ते रडतील. मीच रडले. ते मला म्हणाले, "घरी जा. आन् जाताना खोपीचं दार उघडं ऱ्हाऊ दे. आता आत काय न्हाई."

व्यापाऱ्यांनी आमच्या गावाचं नाव पुन्हा घेतलं नाही. द्राक्षं पहिल्यासारखी घाटातून मुंबईला जायला लागली, आदल्या दिवशीचं पाणी पिऊन. मामंजी पुढे बरीच वर्षं जगले आणि त्या गोष्टीबद्दल एक शब्द बोलले नाहीत, फक्त मी चिखलात पडल्याचा किस्सा कुणी काढला की उठून बाहेर जायचे. लोकांना वाटायचं, सुनेची चेष्टा त्यांना आवडत नाही. मला खरं कारण ठाऊक होतं. मी त्यांना जेवायला वाढलं, दुखण्यात औषधपाणी केलं, पण त्यांच्या कपाळाला हात लावायची वेळ आली की तळहात लावला. उलटा कधी नाही.

तात्यांनी परत बोट धरली. हुसेनभाईंकडून कधी कळायचं, आता अमुक देशात आहेत, मासळीच्या बोटीवर आहेत. मग हुसेनभाईच थकले. घरी तात्या आले नाहीत.

तात्या निघाले ती सकाळ मला लख्ख आठवते. हुसेनभाईंचा ट्रक बाहेर उभा. तात्या एक पिशवी घेऊन मळ्यातून आले. आत्याबाईंच्या पाया पडले. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही, डोळ्यांतलं पाणी ताटात टपटप पडत होतं. मी वाकले. तात्यांनी माझ्या कपाळाला बोटांची उलटी बाजू लावली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "टिकशील तू."

मग ते बाजेपाशी गेले. मामंजी थर्मासमधला चहा झाकणात ओतून पीत होते. तात्या वाकून पाया पडले. उठताना त्यांचा हात सवयीने उलटा झाला आणि मामंजींच्या मनगटाच्या दिशेने गेला. मी वाट बघत होते. बहुतेक मामंजीसुद्धा. तो हात मधेच थांबला, सरळ झाला, आणि पिशवीच्या बंदाला गेला.

"येतो आण्णा."

"जपून जा."

तात्या उंबरा ओलांडून बाहेर गेले. आम्ही तिघंही कान देऊन होतो. आता खांदा लागेल, मग गुडघा, मग ते वाक्य. त्याऐवजी ट्रक सुरू झाला. पुढचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून ऊन आत येऊन बाजेच्या पायापर्यंत पोचलं.

"दार लावा गं कुणीतरी," मामंजी म्हणाले.

आत्याबाई तांदूळ निवडत राहिल्या. मी उभी होते, उभीच राहिले. शेवटी मामंजी थर्मास खाली ठेवून स्वतः उठले. दाराला खांदा लावला, रेटलं. दार अर्ध्यात अडकलं. पुन्हा रेटलं. तो हलका गुडघा कुठे द्यायचा हे त्यांना माहीत नव्हतं. ट्रकचा आवाज वेशीपलीकडे गेला तरी मामंजी आपले दाराला खांदा लावून उभे होते, आणि दार काही लागत नव्हतं.